मागे दोन ट्रेलर, तीन ट्रेलर: अमेरिकेत डबल्स-ट्रिपल्स शिकणं आणि शिकवणं

अमेरिकेत एका ट्रॅक्टरमागे (इथे ट्रॅक्टर म्हणजे शेतीचा नव्हे, मोठ्या ट्रकचा पुढचा इंजिन-कॅबचा भाग) दोन-तीन ट्रेलर ओढायचा परवाना मिळवणं कागदावर अगदीच सोपं आहे. क्लास ए सीडीएल, म्हणजे तिथला जोडवाहनांचा अवजड परवाना, हाताशी असला की राज्याच्या परवाना कार्यालयात एक लेखी परीक्षा द्यायची. बहुतेक राज्यांत प्रश्न २०, पास व्हायला ८० टक्के. परवान्यावर 'टी' हे अक्षर चढतं आणि काम झालं. गाडी चालवून दाखवा, असं त्या कार्यालयात कोणी म्हणत नाही. शाळेची बस, प्रवासी वाहन आणि धोकादायक माल या तिन्हींसाठी ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत ठिकाणी प्रशिक्षण घेणं सक्तीचं झालं. 'टी' त्या यादीत नाही.

त्यामुळे शिकवायची खरी जबाबदारी कंपनीवर येते, आणि कंपनी कशी शिकवते यावर ड्रायव्हरचं पुढचं सगळं ठरतं. काही ठिकाणी महिनाभर सोबत बसून शिकवतात, तर काही ठिकाणी दुपारी डॉली (दोन ट्रेलरांना जोडणारी छोटी गाडी) दाखवतात आणि रात्री गाडी हातात देतात. हा लेख दोघांसाठी आहे: क्लास ए आहे आणि लाइनहॉलमध्ये, म्हणजे टर्मिनल ते टर्मिनल लांब वाहतुकीत, जायचंय असा ड्रायव्हर, आणि थोड्या गाड्यांची कंपनी चालवणारा मालक, ज्याला आपली माणसं नीट तयार करायची आहेत.

आधी गाडी ओळखा

'डबल्स' म्हटलं की बहुधा २८ फुटी दोन ट्रेलर. या छोट्या ट्रेलरला तिथे पप म्हणतात. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने इंटरस्टेट (राज्याराज्यांना जोडणारे मोठे महामार्ग) आणि ठरवून दिलेल्या महामार्गांवर ही जोडी सगळ्या राज्यांना मान्य करावी लागली. पार्ट लोडचा धंदा करणाऱ्या कंपन्यांचं बरंचसं रात्रीचं काम या पपांवर चालतं. एक पप एका गावचा, दुसरा दुसऱ्या गावचा; वाटेतल्या टर्मिनलवर माल न उतरवता नुसती जोडी बदलायची.

यापुढचे प्रकार लांब आणि जड. पुढे ४८ ते ५३ फुटी आणि मागे २८ फुटी अशी जोडी म्हणजे रॉकी माउंटन डबल. दोन्ही ट्रेलर ४८-५३ फुटी असले तर टर्नपाइक डबल. आणि २८ फुटी तीन पप एकामागे एक म्हणजे ट्रिपल, साधारण १०० फूट लांब. हे प्रकार सगळीकडे चालत नाहीत. १९९१ च्या कायद्याने या लांब गाड्यांचे नियम १ जून १९९१ रोजी ज्या राज्यात जसे होते तसेच गोठवले. त्यानंतर कोणत्याही राज्याला ते आपल्या मनाने सैल करता येत नाहीत. म्हणून ट्रिपल ऑरेगन, आयडाहो, युटा, नेवाडा, मोंटाना या पश्चिमेकडच्या राज्यांत दिसतो, ओहायो आणि इंडियानाच्या टोल रस्त्यांवर दिसतो, पण कॅलिफोर्नियात शिरू शकत नाही.

कागदाचे तीन थर

पहिला थर 'टी'. तो वर सांगितला.

दुसरा थर बऱ्याच छोट्या मालकांना माहीतच नसतो. केंद्रीय नियमांप्रमाणे नव्या ड्रायव्हरची रोड टेस्ट घ्यावी लागते, पण एरवी त्याचा सीडीएल दाखवला तरी चालतो. डबल्स-ट्रिपल्स आणि टँकर यांना ही सवलत नाही. ड्रायव्हर डबल्स चालवणार असेल तर कंपनीने त्याला डबल्सवरच बसवून परीक्षा घ्यायची. तपासणी, जोडणं-सोडवणं, रहदारीत चालवणं, वळणं, ब्रेक, पार्किंग हे सगळं बघायचं, सहीचा दाखला द्यायचा आणि तो त्याच्या फाइलमध्ये ठेवायचा. दुसऱ्या कंपनीने गेल्या ३ वर्षांत दिलेला असा दाखला असेल तर तो स्वीकारता येतो. सही करणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावं की अपघात झाला की वकील सगळ्यात आधी हाच कागद मागतो.

तिसरा थर एलसीव्ही (लाँगर कॉम्बिनेशन व्हेइकल, म्हणजे लांब जोडवाहन) प्रशिक्षणाचा. ट्रॅक्टरमागे दोन किंवा जास्त ट्रेलर, एकूण वजन ८०,००० पौंडांच्या वर (सुमारे ३६.३ टन) आणि गाडी इंटरस्टेटवर, हे तिन्ही जुळलं की ती गाडी कायद्याच्या भाषेत एलसीव्ही. १ जून २००४ पासून अशा गाडीसाठी ठरलेलं प्रशिक्षण आणि दाखला लागतो. डबल्सचा अभ्यासक्रम वेगळा, ट्रिपल्सचा वेगळा. डबल्सच्या दाखल्यावर ट्रिपल ओढता येत नाही.

एलसीव्हीच्या वर्गात बसायला पात्रता लागते. 'टी'सह वैध क्लास ए परवाना हवा. अर्जाआधीचे ६ महिने क्लास ए गटातली गाडी चालवलेली हवी, आणि तसं मालकाचं लेखी पत्र हवं. परवाना निलंबित नको. दारू पिऊन चालवणं, अपघात करून पळणं असले मोठे गुन्हे नकोत. गंभीर वाहतूक गुन्हा एकापेक्षा जास्त नको. यात मर्यादेपेक्षा १५ मैल किंवा जास्त वेग, बेफिकीर चालवणं, पुढच्या गाडीला चिकटून चालणं, चुकीची लेन बदलणं हे सगळं येतं. इथे मालकाने ड्रायव्हरच्या शब्दावर जाऊ नये, राज्याकडून त्याची नोंद काढावी. ड्रग-अल्कोहोल क्लिअरिंगहाउसमध्येही (ड्रायव्हरांच्या नशेबद्दलच्या नोंदींची केंद्रीय यादी) बघावं. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे 'प्रतिबंधित' दिसणाऱ्याचा सीडीएलच राज्य काढून घेतं.

भारतातून गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. इंग्रजी बोलता-वाचता येण्याचा नियम जुनाच आहे, पण २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात. तेव्हा डॉलीच्या भागांची नावं, मालाच्या कागदांवरचे शब्द, रस्त्यावरच्या पाट्या यांचा सराव प्रशिक्षणातच करून घ्या. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांच्या सीडीएलचे नियमही २०२५ पासून बदलाच्या आणि कोर्टाच्या फेऱ्यात आहेत. ओळखीतल्या कोणाच्या अनुभवावर न जाता आपल्या राज्याच्या कार्यालयातच विचारा.

शिकवणारा कोण

वर्गात शिकवणारा आणि गाडीवर शिकवणारा असे दोन वेगळे शिक्षक कायद्याने मानले आहेत. गाडीवर शिकवणाऱ्याकडे त्या प्रकाराचं स्वतःचं प्रशिक्षण, लागणाऱ्या सगळ्या शेऱ्यांसह ('टी'सारखी परवान्यावरची अक्षरं) क्लास ए आणि तशाच गाडीवर किमान २ वर्षांचा अनुभव लागतो.

हे झालं कायद्याचं. माझ्या मते शिक्षक निवडताना तो किती मैल चालवून आलाय यापेक्षा तो किती शांत बसू शकतो हे बघावं. वीस वर्षं डबल्स ओढलेला माणूस डॉली अशी जोडतो की त्याला स्वतःलाच पायऱ्या आठवत नाहीत. हात आपोआप चालतात. विद्यार्थी बघतो आणि त्याला वाटतं, कळलं. कळलेलं काहीच नसतं. जो माणूस प्रत्येक पायरी 'का' ते सांगू शकतो, आणि पुढच्या वेळी हात खिशात घालून बाजूला उभा राहू शकतो, त्यालाच हे काम द्या. आणि त्याचे पैसे मैलावर ठरवू नका. मैलावर पैसे मिळणारा शिक्षक यार्डात वेळ घालवत नाही, आणि डबल्स शिकायची जागा यार्डच आहे.

यार्ड: डॉलीशी ओळख

डॉली म्हणजे दोन ट्रेलरांना जोडणारी छोटी गाडी: एक एक्सल, चार टायर, वर फिफ्थ व्हील (ट्रेलर टेकून लॉक होतो ती प्लेट) आणि पुढे लांब दांडा, ज्याच्या टोकाला कडी. ती कडी पुढच्या ट्रेलरच्या मागच्या पिंटल हुकात अडकते आणि मागच्या ट्रेलरचा किंगपिन (पुढच्या भागाखालची पोलादी खुंटी) फिफ्थ व्हीलमध्ये बसतो. सगळ्या जोडणीत सर्वांत दुर्लक्षित काय असेल तर ही. ट्रेलर रोज कोणी ना कोणी बघतं. डॉली यार्डाच्या कोपऱ्यात पडलेली, काल कोणी वापरली माहीत नाही, टायरमध्ये हवा आहे का माहीत नाही. कायद्याने तिचीही वार्षिक तपासणी होते, तिलाही दिवे आहेत, १ मार्च १९९८ नंतरच्या डॉलीला एबीएस आणि डाव्या बाजूला त्याचा पिवळा दिवा आहे. प्रशिक्षणाची सुरुवात इथून करा. ट्रॅक्टरला हात लावायच्या आधी विद्यार्थ्याने यार्डातल्या डॉल्या तपासून कोणती घ्यायची आणि कोणती दुरुस्तीला टाकायची ते सांगावं.

डॉली हजार किलोहून जड असते. सपाट जागेवर ती हाताने सरकवता येते म्हणून लोक सरकवतात, आणि पाय, बोटं, पाठ गमावतात. उतारावर, बर्फावर, खडीवर हात लावायचा नाही. ट्रॅक्टर आणि पुढच्या ट्रेलरनेच ती ओढून जागेवर आणायची. जाड हातमोजे आणि पुढे पोलाद असलेले बूट पहिल्या दिवसापासून.

जोडणीची पद्धत अशी शिकवा. इथे मात्र आकडे टाकून लिहितो, कारण क्रम चुकला की माणूस चिरडतो.

१. कोणता ट्रेलर पुढे? जास्त भरलेला पुढे, हलका मागे. ट्रिपलमध्येही तोच न्याय, सर्वांत हलका शेवटी. डिस्पॅचर उलटं सांगत असेल तर त्याला फोन करून बदलून घ्यायचं, हेही प्रशिक्षणाचाच भाग.

२. मागचा ट्रेलर जागेवर घट्ट हवा. त्याला स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारे) नसतील तर ट्रॅक्टर जवळ नेऊन इमर्जन्सी लाइन (ट्रेलरची टाकी भरणारी हवेची नळी) जोडायची, टाकी भरू द्यायची आणि लाइन काढायची. त्याने त्याचे इमर्जन्सी ब्रेक लागतात. शंका असेल तर चाकाखाली ठोकळे. शंका नसेल तरी ठोकळे लावले तर कोणी हसणार नाही.

३. डॉली मागच्या ट्रेलरच्या नाकासमोर, किंगपिनच्या सरळ रेषेत आणायची. डॉलीचे ब्रेक सोडायला तिच्या हवेच्या टाकीचा छोटा कॉक उघडायचा. स्प्रिंग ब्रेक असतील तर तिचा पार्किंगचा कंट्रोल वापरायचा.

४. ट्रॅक्टर आणि पुढचा ट्रेलर रिव्हर्समध्ये डॉलीच्या दांड्यापर्यंत आणायचा, कडी पिंटल हुकात घालायची, हुक लॉक करायचा, डॉलीचा पाय वर उचलून अडकवायचा. हुक लॉक झाला हे हाताने हलवून बघायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

५. मागच्या ट्रेलरची उंची बघायची. त्याचा पुढचा भाग डॉलीच्या फिफ्थ व्हीलच्या मध्यापेक्षा किंचित खाली हवा, म्हणजे डॉली आत शिरताना ट्रेलर थोडा उचलला जातो. उंच राहिला तर किंगपिन लॉकमध्ये न बसता वरून निसटतो, आणि ते रस्त्यावर गेल्यावर कळतं.

६. डॉली मागच्या ट्रेलरखाली ढकलायची. ट्रेलरचे पाय जमिनीपासून जरासे उचलायचे, मग पिनविरुद्ध हळूच पुढे ओढून बघायचं.

७. आता खाली वाकून टॉर्चने बघायचं. वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये फट नको, आणि लॉकचे जबडे किंगपिनभोवती बंद हवेत. 'दिसतंय तसं' चालत नाही. विद्यार्थ्याने तोंडाने सांगायचं: फट नाही, जबडा बंद.

८. सेफ्टी चेन, हवेच्या नळ्या, दिव्याची वायर. निळी सर्व्हिसची, लाल इमर्जन्सीची. उलटी जोडली तर ब्रेक सुटणारच नाहीत किंवा लागणारच नाहीत.

९. डॉलीच्या टाकीचा कॉक बंद. शेवटच्या ट्रेलरच्या मागचे दोन्ही शट-ऑफ व्हॉल्व बंद. पुढच्या ट्रेलरच्या मागचे दोन्ही उघडे, डॉलीवर असतील तर तेही. मग ट्रेलरचे पाय पूर्ण वर.

ट्रिपलमध्ये हेच सगळं दुसऱ्यांदा. कंटाळा येतो, आणि चुका दुसऱ्या डॉलीवर होतात त्या याच कंटाळ्यापोटी.

हवा शेवटपर्यंत पोहोचली का

एका ट्रेलरवर काम केलेल्या ड्रायव्हरला डबल्सवर आल्यावर जी सवय नव्याने लावावी लागते, ती ही. नवव्या पायरीतला मधला एक व्हॉल्व बंद राहिला तर त्याच्या मागच्या ट्रेलरला हवाच जात नाही. कॅबमधला गेज मात्र छान आकडा दाखवतो. मागच्या ट्रेलरच्या टाकीत जुनी हवा असेल तर तो सुरुवातीला मुकाट्याने मागे येतोही. पहिल्या उतारावर कळतं की मागचा अर्धा भार ब्रेकशिवाय आहे.

म्हणून तपासणी कॅबमध्ये संपवायची नाही. पार्किंग ब्रेक लावून, हवेचा दाब भरला की कॅबमधला, ट्रेलरांना हवा देणारा लाल नॉब आत ढकलायचा, खाली उतरायचं आणि चालत शेवटच्या ट्रेलरच्या मागे जायचं. इमर्जन्सी लाइनचा व्हॉल्व उघडायचा, हवा सुटल्याचा आवाज ऐकायचा, बंद करायचा. मग सर्व्हिस लाइन: कोणीतरी ब्रेक दाबून धरायचा, किंवा हँड व्हॉल्व (फक्त ट्रेलरांचे ब्रेक लावणारा कॅबमधला दांडा) ओढून ठेवायचा, आणि तो व्हॉल्व उघडून ऐकायचं. दोन्हीकडे हवा आली तरच पुढे. शेवटी ट्रॅक्टर प्रोटेक्शन व्हॉल्व (ट्रेलरची हवा गेली तरी ट्रॅक्टरची राखणारा): इंजिन बंद करून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत दाब उतरवायचा, २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान लाल नॉब आपोआप बाहेर यायला हवा.

शिक्षकासाठी एक युक्ती: विद्यार्थी कॉफी आणायला गेला की मधला एखादा व्हॉल्व गुपचूप बंद करून ठेवा, आणि तो परत आल्यावर त्याला तपासणी करायला सांगा. सापडला नाही तर त्या दिवशी रस्त्यावर जायचं नाही. चिडेल, पण आयुष्यभर मागे चालत जाईल.

सोडवताना

सोडवणं सोपं वाटतं म्हणून लोक घाई करतात. गाडी सरळ रेषेत, घट्ट सपाट जमिनीवर. मागच्या ट्रेलरला ठोकळे, त्याचे पाय खाली आणून डॉलीवरचा थोडा भार काढायचा. पुढच्या ट्रेलरच्या मागचे व्हॉल्व बंद, नळ्या-वायर काढून नीट अडकवायच्या, डॉलीचे ब्रेक सोडायचे, फिफ्थ व्हीलचं लॉक ओढायचं आणि सावकाश पुढे जाऊन डॉली बाहेर काढायची. त्यानंतर डॉलीचा पाय खाली, चेन काढायच्या, डॉलीला ब्रेक किंवा ठोकळे, आणि मगच पिंटल हुक उघडायचा.

डॉली मागच्या ट्रेलरखाली असताना पिंटल हुक कधीही उघडायचा नाही. दांडा उसळून वर येतो. त्याच्यासमोर तोंड असेल तर पुढचं सांगायला नको.

रस्त्यावर: मागचा ट्रेलर आणि तुमचे हात

ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: ट्रॅक्टर जरासा हलला तर पहिली ट्रॉली थोडी हलते आणि दुसरी झुलते. महामार्गाच्या वेगाला तेच होतं, फक्त परिणाम फार मोठा. स्टिअरिंगला दिलेला झटका प्रत्येक जोडावर वाढत जातो आणि शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोहोचेतो दुप्पट-तिप्पट झालेला असतो. अमेरिकेच्या सीडीएल मॅन्युअलमध्ये आकडा दिला आहे: झटकन लेन बदलली तर ट्रिपलचा शेवटचा ट्रेलर उलटण्याची शक्यता साध्या पाच एक्सलच्या ट्रेलर गाडीच्या ३.५ पट. आणि वाईट हे की कॅबमध्ये बसलेल्याला त्यातलं फार काही जाणवतच नाही. मागचा पप उलटायला लागला तरी ट्रॅक्टर शांत असतो. आरशात दिसलं तर दिसलं.

म्हणून डबल्सच्या प्रशिक्षणात स्टिअरिंग कसं फिरवायचं यापेक्षा कधी फिरवायचं नाही हे जास्त शिकवायचं. काही सवयी हाडात मुरेपर्यंत घोटून घ्याव्या लागतात.

उजवी चाकं रस्त्याच्या कडेवरून खाली उतरली, तर गाडी परत झटक्यात वर घ्यायची नाही. कित्येक ड्रायव्हर नेमकं तेच करतात. स्टिअरिंग घट्ट धरून सरळ ठेवायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, वेग उतरू द्यायचा आणि मग हळूच वर यायचं.

समोर हरीण आलं, टायरचा तुकडा आला, तर सरळ रेषेत ब्रेक, झुकांडी नाही. हे ऐकायला क्रूर वाटतं आणि काही विद्यार्थी वादही घालतात. पण मागचा पप उलटून शेजारच्या लेनमधल्या कारवर पडला तर तिथे हरीण नसतं, माणसं असतात.

वळणाआधी वेग कमी, वळणात नाही. वळणावरच्या पिवळ्या पाटीवरचा वेग कारसाठी आहे. उंच रचलेल्या मालाचा पप त्याच वेगाला जाईलच असं नाही.

लेन बदलणं म्हणजे लांबलचक क्रिया: आधी सिग्नल, मग वाट बघणं, मग इतकं सावकाश सरकणं की बाजूला बसलेल्या शिक्षकाला चहाचा कप हातात धरून बसता यावं.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर सेकंदांत मोजायला शिकवा: गाडीच्या दर १० फुटांमागे १ सेकंद, ताशी ४० मैलांच्या वर आणखी १. ७० फुटी डबलला ८ सेकंद, १०० फुटी ट्रिपलला ११. एवढ्या जागेत कार शिरत राहतात. शिरू द्या, आणि पुन्हा मागे या.

वळणावरच्या आतल्या कापाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दोन पपांची जोडी कोपऱ्यावर ५३ फुटी एका ट्रेलरपेक्षा कमी आत कापते, कारण मधल्या जोडामुळे ती वळणाबरोबर वाकते. त्यामुळे शहरात नवखा खूश होतो आणि 'हे तर सोपं' म्हणतो. टर्नपाइक डबलला मात्र हा नियम लागू नाही. ती आतली फूटपाथ सहज खाते.

रिव्हर्स नाही, म्हणून डोकं आधी

डबलमध्ये वाकायच्या जागा तीन, ट्रिपलमध्ये पाच. रिव्हर्समध्ये ती फार थोडी सरळ जाते आणि मग दुमडते. काही जण पन्नास-साठ फूट रिव्हर्स मारून दाखवतात. कौतुक करा आणि विद्यार्थ्याला सांगा, हे करायचं नाही. अडकलात तर रात्री दोन वाजता, पावसात, चिखलात सगळं सोडवून एकेक ट्रेलर बाहेर काढावा लागतो.

म्हणून रस्ता आधी बघण्याची सवय हा अर्धा अभ्यासक्रम आहे. कोणत्या रस्त्यावर ही लांबी चालते, कोणत्या राज्यात परवाना लागतो आणि त्यात कोणत्या वेळा, कोणतं हवामान वर्ज्य आहे. इंधन कुठे भरणार, आणि त्या पंपातून समोरून बाहेर पडता येतं का. टोल रस्त्यांवर टर्नपाइक डबल जोडायला-सोडवायला इंटरचेंजजवळ ठरलेली यार्डं असतात, ती कुठे आहेत. न्यूयॉर्क थ्रूवे या टोल रस्त्यासारख्या काही ठिकाणी अशा जोडीसाठी (तिथे तिला टँडेम म्हणतात) ड्रायव्हरकडे वेगळा परवानाही लागतो. विद्यार्थ्याने आदल्या संध्याकाळी रस्ता कागदावर लिहून आणावा आणि शिक्षकाने एक वाट बंद झाल्याचं सांगून विचारावं: आता कुठून? ११ तास चालवणं आणि १४ तासांची ड्यूटी या मर्यादेत बसतं का, हेही त्याच कागदावर.

रेल्वे फाटक असेल तर पूर्ण लांबी पलीकडे मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर चाक नाही.

वारा, बर्फ, रात्र

रिकामा शेवटचा पप वाऱ्यात पतंगासारखा वागतो. वायोमिंगमध्ये वाऱ्यामुळे हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद करतात तो उगीच नाही. घसरड्या रस्त्यावर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवायचा आणि मागचा ट्रेलर सरळ करायला हँड व्हॉल्व वापरायचा नाही; त्याने ट्रेलर आणखी घसरतो. रात्रीचं प्रशिक्षण वेगळं ठेवा, दिवसाच्या तासांत मोजू नका. लाइनहॉल मुळात रात्रीच चालतं, आणि डॉली अंधारात जोडता येते की नाही हे दिवसा कळत नाही.

पास कधी म्हणायचं

एलसीव्हीच्या नियमात किमान तास दिलेलेच नाहीत. अभ्यासक्रम पाच भागांत आहे: ओळख; जोडणं आणि चालवण्याची मूळ कौशल्यं; वेग-अंतर, रात्र, सुरक्षा यांसारखा रोजचा व्यवहार; धोका ओळखणं आणि दुरुस्ती; आणि प्रवासाचं व मालाचं नियोजन. शेवटी लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. प्रत्यक्ष परीक्षेत वाहतुकीचा नियम मोडला किंवा टाळता येण्याजोगा अपघात झाला की थेट नापास.

तास नाहीत म्हणून मालक दोन दिवसांत उरकतो. मी असा क्रम लावेन: आधी यार्डात फक्त डॉली, विद्यार्थी न विचारता सलग चार-पाच जोडण्या बिनचूक करेपर्यंत. मग रिकामे दोन पप, दिवसा, सरळ इंटरस्टेट. मग भरलेले. मग रात्र. मग वळणांचा, चढ-उताराचा रस्ता. ट्रिपल यानंतर, आणि तेही ज्याने काही महिने डबल ओढलंय त्यालाच. शेवटच्या फेरीत शिक्षकाने एक शब्द बोलायचा नाही. त्याला मध्ये बोलावं लागलं तर फेरी पुन्हा.

दाखला सही होऊन हाती आला की ड्रायव्हरने तो स्वतःकडे जपून ठेवावा. त्याची प्रत कंपनीच्या फाइलमध्ये जाते, आणि कंपनी नोकरी संपल्यावर ३ वर्षांनी ती फाइल टाकू शकते. पाच वर्षांनी दुसरीकडे अर्ज करताना तो दाखला हाती नसेल तर सगळं प्रशिक्षण पुन्हा करावं लागू शकतं. रोड टेस्टचा दाखला त्याच पाकिटात ठेवा, आणि डबल्स किती काळ चालवले याचं मालकाचं पत्र नोकरी सोडायच्या दिवशीच मागून घ्या.